क्लातेनजवळच्या खेड्यात सासरची जमीन: लेटर सी, वाटणी आणि अर्धेल

चाकणकर

नमस्कार मंडळी. सासुरवाडी मध्य जावात, क्लातेन जिल्ह्यातलं भातशेतीचं खेडं. सासरे थकलेत, हयातीतच वाटणी करून टाकायचं म्हणतात. मालमत्ता अशी: भाताची (सावाह) दोन खाचरं, एक साधारण 1800 चौ.मी., दुसरं 1200. शिवाय घर आणि भोवतालचं परडं (पेकारांगान) मिळून 650 चौ.मी. थोरला मेहुणा जकार्ताजवळ बकासीला कारखान्यात, मधली माझी बायको, धाकटी मेहुणी नवऱ्यासह गावच्या घरातच.

कागद म्हणाल तर गावच्या लेटर सी पुस्तकात (साऱ्याच्या नोंदवहीत) अजून आजेसासऱ्यांचं नाव, आणि दरवर्षीची पट्टीची पावती. मालकीचं सर्टिफिकेट नाही. लहान खाचर चार वर्षांपासून शेजाऱ्याकडे 'सेंदे' ठेवलंय, म्हणजे गहाण. 1 कोटी रुपिया घेतले होते. आमचं लग्न 2017 ला पुण्यात नोंदणी पद्धतीनं झालं, मालमत्तेचा वेगळा करार नाही. बायकोचं नागरिकत्व इंडोनेशियाचंच आहे, राहतो आम्ही पुण्यात.

बायकोच्या नावावर काय होऊ शकतं? माझं नाव लागू शकतं का? गावातला ओळखीचा माणूस म्हणतो, बक्षीस-बिक्षीस नको, सरळ खरेदीखत करून टाका, लवकर होतं. आणि शेत वाट्यानं द्यावं की खंडानं?

फेरफार

चाकणकर, आधी तुमचं नाव लागण्याचं. ते विसरा. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला फार तर वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा, तोही घरासाठी, भातखाचराला नाही. मेहुण्याच्या नावावर घेऊन आतून करार करायचा, हा सल्लाही कोणीतरी देईलच. कलम 26 नुसार असा आडवळणाचा व्यवहारसुद्धा रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

आता तो खरेदीखताचा सल्ला. तुमच्या बाबतीत यापेक्षा वाईट सल्ला नाही. 1974 च्या विवाह कायद्याच्या कलम 35 प्रमाणे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. पण वारसानं किंवा बक्षीस म्हणून मिळालेली ज्याची त्याची. वडिलांनी मुलीला दिलेल्या जमिनीचा दस्त 'हिबा' म्हणजे बक्षीसपत्र म्हणून झाला, तर ती बायकोची एकटीची. तोच दस्त खरेदीखत (आक्ता जुआल बली) म्हणून झाला की कागदावर ती लग्नानंतर विकत घेतलेली जमीन, म्हणजे सामाईक, म्हणजे तिच्यात परदेशी नवऱ्याचा हिस्सा आला. मग कलम 21 लागतं: वर्षाच्या आत हक्क सोडा, नाहीतर मालकी संपली. गावात खरेदीखत सुचवतात ते बाकीच्या भावंडांच्या सह्या टाळायला. तुम्हाला ती सवलत परवडणार नाही.

हिबा केलं तरी दस्त करणारा अधिकारी (पीपीएटी, खेड्यात बहुतेक वेळा चामात म्हणजे तालुक्याचा अधिकारीच हंगामी पीपीएटी असतो) तुम्हाला मालमत्ता वेगळी ठेवल्याचा करार मागण्याची दाट शक्यता. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाच्या 69/2015 क्रमांकाच्या प्रकरणातल्या निकालानंतर, म्हणजे 2016 पासून, लग्नानंतरही करता येतो. क्रम असा: पुण्यातलं लग्न इंडोनेशियात नोंदवलंय का ते पाहा (परतल्यावर वर्षाच्या आत नोंदवायचं असतं, राहून गेलं असेल तर आधी ते), मग नोटरीसमोर करार, मग तो विवाह नोंदणी कार्यालयात नोंदवायचा. नोंद न केलेला करार तिसऱ्या माणसावर बंधनकारक नाही, आणि जमीन कार्यालय हा इथे तिसराच.

आता लेटर सी. आपल्याकडच्या माणसाला हे सातबाऱ्यासारखं वाटतं, आणि कुळी खरोखर जवळची आहे: 1811 ते 1816 जावावर इंग्रजांचा अंमल होता तेव्हा रॅफल्सनं हिंदुस्थानातल्या रयतवारीच्या धर्तीवर जमीनसारा आणला, आणि पुढे डचांनी त्यावर आपली साऱ्याची दप्तरं उभी केली. पण लेटर सी हे कर भरणाऱ्याचं पुस्तक आहे, मालकीचा दाखला नव्हे. 2021 च्या 18 क्रमांकाच्या नियमानं जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली. 2 फेब्रुवारी 2026 पासून लेटर सी, पेतोक, गिरिक हे सगळे मालकीचा पुरावा म्हणून बाद, नुसता माग काढण्यापुरते. म्हणून कब्जाच्या प्रतिज्ञापत्राला महत्त्व: किती वर्षं कसतोय, कोणाची हरकत नाही, दोन साक्षीदार.

गावच्या चारिककडे (ग्रामसचिव) जाऊन तुमचं पान स्वतः पाहा. पानाचा सी क्रमांक, पर्सिल (तुकड्याचा) क्रमांक, वर्ग (सावाहला एस, कोरडवाहू आणि घरच्या जागेला डी), क्षेत्र, आणि शेवटचा रकाना 'बदलाचं कारण'. खरी गोष्ट त्या शेवटच्या रकान्यात असते. 'अमुक सालीं तमुक सी क्रमांकाकडून वारसानं' अशी साखळी तुटली असेल, खाडाखोड असेल, पेन्सिलीनं नाव घातलं असेल, तर गाडी तिथेच अडते. मोबाइलवर फोटो काढा आणि शिक्क्यासह उतारा मागा.

तुमच्या सासऱ्यांना बहीणभाऊ आहेत का? पान अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे त्यांच्या सगळ्या मुलांच्या, जे गेले त्यांच्या वारसांच्या, सह्या वारस दाखल्यावर लागणार. तो दाखला वारसांनी लिहायचा, दोन साक्षीदार, लुराह (सरपंच) आणि चामातच्या सह्या. एक आत्या सुमात्रात स्थलांतरित होऊन गेली असेल तर तिच्या पत्त्यापासून सुरुवात.

मग जमीन आधी सासऱ्यांच्या नावावर सर्टिफिकेटसह करून घ्या. गाव त्या वर्षीच्या सामुदायिक नोंदणीत (पीटीएसएल) असेल तर सोन्याहून पिवळं. जावा-बालीसाठी 2017 च्या तीन मंत्र्यांच्या आदेशानं गावाला दीड लाख रुपियापर्यंतच घेता येतात, त्यात कागद तयार करणं, हद्दीचे तीन दगड, एक मुद्रांक आणि कर्मचाऱ्यांची ये-जा. कर वेगळे. गाव यादीत नसेल तर स्वतंत्र अर्ज: मोजणी, नकाशा, 30 दिवसांची जाहीर सूचना, मग सर्टिफिकेट. पाच वर्षं कोणी लेखी हरकत घेतली नाही किंवा कोर्टात गेलं नाही, तर ते हलवणं अवघड.

पाटपाणी

वर फेरफारनी सांगितलं ते सगळं बरोबर, एक मोठी गोष्ट राहिली. बायको पुण्यात राहते. 1961 च्या 224 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे शेतजमिनीच्या मालकानं त्याच तालुक्यात (कचामातान) किंवा लगतच्या तालुक्यात राहिलं पाहिजे. वारसानं आली तरी वर्षाच्या आत तिकडे राहायला जा, नाहीतर तिथल्या माणसाला द्या. कडक अंमल क्वचितच, पण नाव बदलताना जमीन कार्यालय ओळखपत्रावरचा पत्ता बघतं आणि सावाह असेल तर तिथेच थांबवतं. बकासीच्या मेहुण्यालाही हेच लागू. घरच्या जागेला मात्र ही अट नाही. त्यामुळे शहाणी वाटणी म्हणजे सावाह गावातल्या धाकटीला, परड्यातला भाग तुमच्या बायकोला, आणि किमतीतला फरक पैशानं.

आता कसणं. 'मारो' म्हणजे आपली अर्धेल: जमीन आणि पट्टी मालकाची, मेहनत वाटेकऱ्याची, पीक निम्मं. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं कोणाचं, हे दर गावाला वेगळं. क्लातेनच्या बाजूला खतात निम्मं निम्मं मागणारे वाटेकरी बरेच भेटतील. 'मर्तेलू' म्हणजे तिहाई, पण तिसरा हिस्सा नक्की कोणाचा ते आधी विचारा. मालक सगळा खर्च करतो तेव्हा तो वाटेकऱ्याचा, कोरडवाहू पिकाला कित्येकदा उलटं. 1960 चा वाट्याचा कायदा सांगतो की करार लेखी, लुराहसमोर, सावाहला किमान तीन वर्षं, कोरडवाहूला पाच. करतं कोणी नाही, सगळं तोंडी चालतं. तुम्ही पुण्यात आहात, तुम्ही करा.

आकडे: हेक्टरी सहा टन ओलसर भात धरा. 3000 चौ.मी.मध्ये 1.8 टन. सरकारी खरेदीचा 2025 पासूनचा दर किलोला 6500 रुपिया, म्हणजे एका हंगामाचे 1.17 कोटी, निम्मे साधारण 58 लाख रुपिया, खताचा वाटा अजून वजा व्हायचा. ऐकायला मोठं, पण भारतीय रुपयात दर हंगामी तीसेक हजार.

शिवाय वाटेकरी कापणी करत नाहीच बहुतेक. तो पीक उभं असतानाच 'तेबासान' नं देतो: व्यापारी कापणीच्या आठ-दहा दिवस आधी येऊन बांधावरून बघतो, तुकड्याचा ठोक भाव ठरवतो, विसार देतो, आपली टोळी किंवा कम्बाइन घेऊन येतो. मालकाला कळतो तो फक्त ठोक आकडा. भाव पडला की तोच व्यापारी विसार सोडून पळतो किंवा शेतातच कमी मागतो, आणि कम्बाइनला आतल्या तुकड्यापर्यंत रस्त्याकडचं शेजारचं पीक कापून झाल्याशिवाय पोचता येत नाही. म्हणून आतल्या बाजूच्या खाचराला भाव कमी. तुमचं 1200 चं रस्त्यालगत आहे की आत?

खंड हवा असेल तर वर्षाचा घ्या, तीन हंगाम मोजून, आगाऊ. त्यात एक खोच आहे. पाणी मुबलक म्हणून तिकडे भात-भात-भात घेतात. त्यानं तुडतुडे (वेरेंग) आणि उंदीर वाढतात, आणि खंडकरी जमिनीची फिकीर करत नाही. तिसऱ्या हंगामात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, सोयाबीन किंवा मूग घ्यायची अट लेखी घाला. ऊस मात्र लावू देऊ नका, दीड वर्ष खाचर अडकतं. अनुदानाचं खत शेतकरी गटाच्या (केलोम्पोक तानी) यादीत नाव असलेल्या कसणाऱ्याला मिळतं, दोन हेक्टरपर्यंत; वाटेकऱ्याचं नाव यादीत तुमच्या तुकड्यावर नसेल तर तो बाजारभावानं खत घेईल आणि तो खर्च तुमच्या हिशेबात येईल.

भाताच्या जातीबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो: क्लातेनमधल्याच देलांगू भागाचा नावाजलेला रोजोलेले भात लावा म्हणून सासरे म्हणतील. जुना रोजोलेले उंच, आडवा पडणारा, पाच महिन्यांचा. श्रीनुक नावाचं विकिरणानं सुधारलेलं वाण सुमारे चार महिन्यांचं आणि बुटकं आहे, ते घ्या.

चाकणकर

कमाल माहिती. खाचर आतल्या बाजूला आहे, आता कळलं भाव कमी का सांगतात ते. दोन गोष्टी: सेंदेचे पैसे पूर्ण 1 कोटीच द्यायचे का? आणि मेहुण्याला सुट्टीत यायला त्या 1200 च्या खाचरात छोटं घर बांधायचंय.

फेरफार

सेंदे: 1960 च्या 56 क्रमांकाच्या कायद्याचं कलम 7. गहाण सात वर्षं चाललं की जमीन फुकट परत, उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात. त्याआधी सोडवायचं तर सूत्र: साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, सातानं भागा, गहाणाच्या रकमेनं गुणा. चार वर्षं झाली म्हणजे 3.5 भागिले 7, निम्मं. 50 लाख रुपिया देणं कायद्यानं पुरे. कारण इतकी वर्षं पीक त्यानं खाल्लं, तेच व्याज.

घर: आधी ती जागा 'लाहान सावाह दिलिंदुंगी', म्हणजे संरक्षित भातजमिनीच्या नकाशात आहे का ते पाहा. असेल तर बिनशेती होणार नाही, आणि क्लातेनसारख्या बारमाही पाण्याच्या भागात असण्याचीच शक्यता जास्त. गावात 'सगळे बांधतात' हे उत्तर मिळेल. त्या घरांना परवाना नसतो आणि सर्टिफिकेटवर सावाहच राहतं.

करांबद्दल: बक्षिसाला आणि वारसाला घेणाऱ्याचा कर 5 टक्के, पण वजावट वेगळी. 2022 च्या कायद्यात किमान वजावट साधी 8 कोटी रुपिया, वडील-मुलांमधल्या वारसाला किमान 30 कोटी. आकडा जिल्हा ठरवतो. परड्याची किंमत रस्त्यामुळे चढली असेल तर हा फरक हिशेबात धरा. देणाऱ्यावरचा 2.5 टक्के आयकर वडील-मुलीच्या बक्षिसाला माफ होतो, पण आधी करखात्याचा माफीचा दाखला घ्यावा लागतो, आपोआप नाही.

मावशी_योग्यकार्ता

सेंदेच्या सूत्रावर माझा आक्षेप. कायदा बरोबर आहे, पण गावात कोणी या सूत्रानं सोडवत नाही. शेजाऱ्याला 50 लाख नेऊन दिलेत तर त्याच्या मते तुम्ही त्याचे अर्धे पैसे बुडवले, आणि मोजणीच्या वेळी हद्दीच्या कागदावर लागून असलेल्या मालकांच्या सह्या लागतात. तो लागूनच असेल तर? पूर्ण द्या, किंवा मधला आकडा सासऱ्यांना बोलू द्या. गहाणाची चिठ्ठी परत घ्या, साक्षीला आरटेचा (वाडीचा) प्रमुख. आणि मूळ बोली रुपियात होती की सोन्याच्या ग्रॅममध्ये, तेही पाहा. सोन्यात असेल तर आकडा वेगळाच निघेल.

वाटणीचं. जावातल्या रिवाजात मुलगा-मुलगी समान, किंवा 'सेपिकुल सेगेंदोंगान', म्हणजे मुलाला दोन तर मुलीला एक. शेवटी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या धाकट्याला घर, हे बहुतेक ठिकाणी गृहीतच असतं. तुमच्या मेहुणीनं घरावर हक्क सांगितला तर तो लोभ समजू नका. पण 1991 च्या मुस्लिम कायदासंहितेत दोन अडचणी: बक्षीस मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच (कलम 210), आणि पालकांनी मुलाला दिलेलं पुढे वारसाहिश्श्यात धरता येतं (211). म्हणून तिघांनाही एकाच दिवशी, एकाच बैठकीत, आणि प्रत्येकाच्या दस्तावर बाकी दोघांची संमती. तुमच्या बायकोनं धर्म बदलला असेल तर वारस म्हणून तिचं नाव त्या संहितेत बसत नाही, तेव्हा हयातीतलं बक्षीस हाच तिचा भक्कम कागद.

परडं 650 चं आहे म्हणता. तिघांत लांब पट्ट्या पाडू नका. मागची पट्टी वाटेविना राहते आणि मग विहीर, सांडपाणी, मोटारसायकल, सगळ्यासाठी पुढच्याच्या अंगणातून जावं लागतं. किमान दीड मीटरची सामाईक वाट नकाशात काढून घ्या, तोंडी नको. झाडं मोजा: नारळ, मेलिंजो, साग. सागाची झाडं म्हणजे नातवंडांच्या लग्नाची ठेव समजतात, ती कोणाची हे दस्तात लिहा. बांबूचं बेट हद्दीवर असेल तर ते हद्द खातं, दगड बेटाच्या पलीकडे बसवा.

घर जर जुनं लाकडी लिमासान किंवा जोग्लो असेल तर अजून एक. तिकडे घर जमिनीपासून वेगळं विकतात, खुणा घालून खांब-तुळया सुटे करून ट्रकवर चढवतात. हॉटेलांसाठी घेणारे दलाल फिरतच असतात. सासऱ्यांनी जमीन बायकोला आणि घर धाकटीला असं म्हटलं तर त्याचा अर्थ तो तसाच आहे. दस्तात 'जमीन आणि त्यावरील घर' हे छापील वाक्य तपासा, नाहीतर चार मुख्य खांबांवरून भांडण.

आणि बाहेर राहणाऱ्याचा वाटा: जिम्पितान (रात्रीच्या राखणीसाठी घराघरातून मूठभर तांदूळ किंवा नाणं), श्रमदान, गावशुद्धीचा खर्च, दर 35 दिवसांची बैठक. तुमची जागा रिकामी असली तरी ती घरांच्या यादीत मोजतात. वर्षाचे पैसे मेहुणीकडे आधीच देऊन ठेवा आणि रमजानआधी कबरींच्या साफसफाईला, न्याद्रानला, बायकोला पाठवा. सह्या लागणारे चुलतभाऊ त्या दिवशी सगळे एका जागी भेटतात.

पाटपाणी

मावशींचं पटलं. चाकणकर, क्षेत्राबद्दल एक: सासऱ्यांचे 1800 बहुधा 'पाव बाहू' वरून आलेत. बाहू हे तिकडचं जुनं माप, म्हणजे 500 'रू' (हेही मापच, रुपये नव्हेत), एक रू सुमारे 14 चौ.मी., त्यामुळे पाव बाहू 1775 च्या आसपास. मोजणीत 1700 निघालं तर कोणी चोरलं म्हणू नका, बांध दरवर्षी दोन्ही बाजूंनी कुदळीनं छिलले जातात. मोजणीआधी, लावणीच्या चिखलात नाही तर कापणीनंतर कोरड्यात, दोन्ही बाजूच्या मालकांना उभं करून दगड गाडून घ्या.

चाकणकर

मोठं खाचर मार्चअखेर कापणीला येईल. तोपर्यंत चारिककडून पानाचा फोटो मागवतो आणि इथेच टाकतो, नावं झाकून. सासऱ्यांना एक बहीण आहे, सुमात्रातच, लाम्पुंगला.